फॉरेन्सिक वॉर्डात नवीन आहात? वेगळ्या वंशाच्या, वेगळ्या भाषेच्या पेशंटची काळजी कशी घ्यायची, स्टेप बाय स्टेप

इंग्लंडमध्ये नर्स, ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट), हेल्थकेअर असिस्टंट किंवा सायकिअ‍ॅट्रीचे डॉक्टर म्हणून आलेल्या आपल्या मराठी लोकांपैकी काही जणांना फॉरेन्सिक युनिटमध्ये जॉब लागतो, आणि घरी फोनवर सांगितलं की आई हमखास विचारते, म्हणजे पोस्टमॉर्टेम का गं? तर नाही. ज्यांच्या हातून गुन्हा घडलाय किंवा तसा आरोप आहे आणि सोबत गंभीर मानसिक आजारही आहे, अशांना कोर्ट जेलऐवजी हॉस्पिटलला पाठवतं किंवा जेलमधून इकडे हलवतात, त्यांच्यासाठीची ही हॉस्पिटलं. ब्रॉडमूर, रॅम्प्टन आणि ॲशवर्थ ही तीन हाय सिक्युर, त्याखाली देशभर पसरलेली मीडियम आणि लो सिक्युर युनिट्स. पेशंट इथं बहुतेक वेळा वर्षानुवर्षं असतो.

लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या वॉर्डात पहिल्या दिवशी पाऊल टाकलंत की एक गोष्ट कुणी न सांगता दिसते, ब्लॅक पेशंट खूप. मेंटल हेल्थ ॲक्टखाली सक्तीने भरती होण्याचं ब्लॅक लोकांचं प्रमाण गेल्या काही वर्षांत गोऱ्यांच्या साडेतीन ते चार पट आहे. त्याशिवाय पाकिस्तानी, बांगलादेशी, सोमाली, पंजाबी, गुजराती, पोलिश, रोमा, सगळे थोडे थोडे.

इंडक्शनमध्ये तुम्हाला ईद, दिवाळी, हलाल जेवण, प्रेयर रूम हे सगळं सांगतील. ते हवंच, नाही म्हणत नाही, पण माझं मत असं की फॉरेन्सिकमध्ये पेशंटचं भलं-बुरं ठरतं ते नोट्समध्ये. तुम्ही नाइट ड्युटीला पेंगत लिहिलेली एक ओळ वॉर्ड राउंडला वाचली जाते, तिथून रिस्क असेसमेंटमध्ये जाते, मग पेशंटला सोडायचं की ठेवायचं हे ठरवणाऱ्या ट्रायब्युनलच्या रिपोर्टमध्ये, मग मिनिस्ट्री ऑफ जस्टिसकडे, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या हॉस्पिटलात कुणीतरी ती वाचून या माणसाला घाबरतं. म्हणून खालच्या सगळ्या स्टेप्स फिरून फिरून तिथेच येतील, सहन करा.

स्टेप १: फाइल वाचा, पण डोळे उघडे ठेवून

आधी पेशंट कोणत्या सेक्शनवर, म्हणजे मेंटल हेल्थ ॲक्टच्या कोणत्या कलमाखाली आहे ते बघा. सेक्शन ३७ म्हणजे कोर्टाची हॉस्पिटल ऑर्डर. ३७ सोबत ४१ असेल तर रिस्ट्रिक्शन आहे, म्हणजे साधं अर्धा तास हॉस्पिटलबाहेर सोडायचं तरी जस्टिस सेक्रेटरीची परवानगी लागते, आपल्या कन्सल्टंटच्या एकट्याच्या हातात नसतं. ४७/४९ म्हणजे शिक्षा भोगत असताना जेलमधून आलेला.

मग जुने रिपोर्ट्स वाचताना एक सवय लावून घ्या: प्रत्येक मोठ्या विशेषणाच्या मागे प्रसंग शोधा. "कायम हिंसक" असं लिहिलंय ना, मग कधी, कुणाशी, काय झालं? पुष्कळदा असं निघतं की एकच घटना पाच रिपोर्टांत कॉपी-पेस्ट होत आलीय आणि वाचणाऱ्याला पाच घटना वाटतात. आजार पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आला तेही बघा, जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) की पोलिसांच्या. ब्लॅक पेशंट्स मदतीच्या वाटेने कमी आणि पोलिसांच्या गाडीतून जास्त येतात, आणि ज्याची आपल्याशी ओळखच हातकडीतून झाली तो पहिल्या आठवड्यात मनमोकळं बोलेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

स्टेप २: पहिलं बोलणं

नाव नीट विचारा आणि नीट उच्चारा. आपल्या देशपांडे-कुलकर्ण्यांचं इथं काय होतं ते आपण अनुभवतोच, तर दुसऱ्याच्या नावाचं तेच करू नका. एथ्निसिटीचा रकाना चेहरा बघून भरायचा नाही, पेशंटला विचारायचं. जमैकन आजीचा बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला नातू स्वतःला काय म्हणतो ते तोच सांगेल, आणि नायजेरियन म्हणजे जमैकन नव्हे, जसा नागपूरचा माणूस म्हणजे मद्रासी नव्हे.

प्रश्न काय विचारायचे यासाठी एक तयार साधन आहे, डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) सोबत २०१३ साली आलेला कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू, त्यात १६ प्रश्न आहेत. सगळे एका बैठकीत उरकायची गरज नाही. मी वापरते ते साधारण असे: तुम्हाला इथं कशामुळे आणलं असं तुम्हाला वाटतं? तुमच्या घरचे, तुमच्या समाजातले लोक याला काय म्हणतील? याआधी कुणाकडून मदत घेतली, डॉक्टर, पास्टर, मौलवी, कुणीही? आमच्याकडून काय झालं तर तुम्हाला त्रास कमी होईल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जसंच्या तसं, पेशंटच्या शब्दांत, केअर प्लॅनमध्ये टाका. "पेशंट सहभागी होत नाही" अशी तक्रार ज्यांच्याबद्दल असते त्यातल्या कित्येकांना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

स्टेप ३: इंटरप्रिटर

इथं आपल्या लोकांची एक खास गडबड होते. वॉर्डात हिंदी-उर्दू येणारे आपण असतो, मग नर्स इन चार्ज म्हणते अगं तूच बोल ना त्याच्याशी. चहा हवा का, डोकं दुखतंय का, इतपत ठीक. पण मेंटल स्टेट तपासणं, गुन्ह्याबद्दल बोलणं, हक्क समजावणं, औषधाला संमती, रिस्क, यातलं काहीही असेल तर प्रोफेशनल इंटरप्रिटरच मागवा. आपलं बॉलिवूड-उर्दू कोर्टात जाणाऱ्या गोष्टीला पुरत नाही. आणि नातेवाइकांना तर कधीच मध्ये घालू नका, विशेषतः गुन्हा घरातच घडलेला असेल तर.

भाषा बुक करताना नेमकी बोली विचारा. पाकिस्तानी म्हणून उर्दूचा इंटरप्रिटर येतो आणि पेशंट घरी मीरपुरी बोलणारा निघतो, बांगलादेशी म्हणून ढाक्याची बंगाली येते आणि माणूस सिल्हेटी. समाज छोटा असेल तर इंटरप्रिटर पेशंटच्या चुलत्याला ओळखत असण्याची शक्यता बरीच, त्यामुळे पेशंटला आधी विचारा की हा माणूस चालेल का, नसेल चालत तर दुसऱ्या शहरातला फोनवर घ्या. मीटिंगच्या आधी इंटरप्रिटरला दोन मिनिटं बाजूला घेऊन सांगा की बोलणं विस्कळीत असेल तर विस्कळीतच सांगा, सुधारून, गुळगुळीत करून देऊ नका, कारण तो विस्कळीतपणाच डॉक्टरला ऐकायचा असतो. छोटी वाक्यं बोला, आणि पेशंटकडे बघून बोला. आणि हो, आवाज ऐकू येत असतील तर ते कोणत्या भाषेत येतात हे जरूर विचारा, या एका प्रश्नावर बंद पडलेली बोलणी पुढे सरकतात असं मी पाहिलंय.

स्टेप ४: श्रद्धा की भ्रम?

जिन लागलाय, कुणी ओबिया (कॅरिबियन जादूटोणा) केलाय, जूजू (पश्चिम आफ्रिकेतली करणी) केलंय, नजर लागलीय. गोऱ्या सहकाऱ्याला हे ऐकून लगेच सायकोसिस दिसतो. आपण करणी, भानामती, अंगात येणं, देवऋषी हे सगळं ऐकत मोठे झालो, महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, त्यामुळे अशी समजूत असणं आणि आजारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात हे आपल्याला लवकर कळतं. हा आपला फायदा. पण याचीच दुसरी बाजू अशी की आपण "अहो यांच्यात असतंच असं" म्हणून खरा आजार सोडूनही देऊ शकतो, आणि फॉरेन्सिकमध्ये ती चूक कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

मग ओळखायचं कसं? घरच्यांना, पेशंटच्या परवानगीने, विचारा: तुम्ही पण असं मानता का? मग यांचं मानणं तुमच्यापेक्षा वेगळं आहे का? मशिदीत सगळेच जिन मानतात, पण "माझ्या जावयाच्या डोळ्यात जिन बसलाय आणि मला तो काढायलाच हवा" हे ऐकून स्वतः इमामच म्हणतील की याला बरं नाही. समजूत कधीपासून आहे, आजार वाढतो तेव्हा ती वाढते का, तिच्यामुळे कुणाला इजा करावीशी वाटते का, हे तीन धागे धरा. हॉस्पिटलचे चॅप्लेन आणि इमाम यांना फक्त शुक्रवारच्या नमाजापुरतं बोलावू नका, अशा केसमध्ये पेशंटला चालत असेल तर एमडीटीला, म्हणजे सगळ्या टीमच्या मीटिंगला बसवा.

स्टेप ५: नोट्स

आली मुद्द्याची स्टेप. समजा दुपारी पेशंटला कळलं की स्टाफ कमी म्हणून त्याची लीव्ह (हॉस्पिटलबाहेर जायची सुट्टी) रद्द, तो चिडला. एक नोट अशी: "पेशंट आक्रमक आणि धमकावणारा होता." दुसरी अशी: "दुपारी २ वाजता लीव्ह रद्द झाल्याचं सांगितलं. मोठ्या आवाजात म्हणाला, 'दर वेळी माझीच का?' टेबलावर हात आपटला. कुणाच्या अंगावर गेला नाही. मी कारण समजावलं, पाच मिनिटांत स्वतःहून खोलीत गेला, चार वाजता येऊन चहा घेतला." प्रसंग तोच आहे. पहिली नोट वाचून ट्रायब्युनलसमोर एक धोकादायक माणूस उभा राहतो, दुसरी वाचून एक वैतागलेला माणूस दिसतो ज्याने स्वतःला सावरलं.

तर लिहिताना: आधी काय घडलं, पेशंट नेमकं काय बोलला आणि काय केलं, स्टाफने काय केलं, शेवट कसा झाला. उंच, धिप्पाड, भेदक नजर असले शब्द घटनेशी संबंध नसेल तर काढून टाका. ब्रॉडमूरमध्ये १९९१ साली ऑरव्हिल ब्लॅकवुड हा ब्लॅक पेशंट सेक्लुजनमध्ये (एकट्याला बंद खोलीत ठेवलेलं असताना) औषधाची इंजेक्शनं दिल्यावर मरण पावला, १९९३ च्या चौकशी अहवालाने ब्लॅक पेशंटकडे "मोठा, काळा आणि धोकादायक" म्हणून बघण्याची हीच सवय थेट शीर्षकातच प्रश्न म्हणून मांडली होती. तिथे त्याआधी १९८४ आणि १९८८ सालीही ब्लॅक पेशंट्सचे मृत्यू झाले होते.

चांगलंही लिहा. संडेला सगळ्यांसाठी जॉलोफ राइस (पश्चिम आफ्रिकेतला मसालेभात) केला, नवीन पेशंटला डोमिनोज शिकवले, हे नोट्समध्ये कुणी लिहीत नाही आणि मग रिपोर्टच्या वेळी "प्रोटेक्टिव्ह फॅक्टर्स"च्या खाली टाकायला काही सापडत नाही.

रिस्क असेसमेंटला इथं बहुतेक ठिकाणी एचसीआर-२० वापरतात, २० मुद्दे असतात, १० इतिहासाचे, ५ सध्याच्या स्थितीचे, ५ पुढच्या नियोजनाचे. साधन चांगलं आहे, पण त्यात भरायचा माल आपणच पुरवतो. नोकरीत टिकला नाही हा एक मुद्दा, तर नोकरी का गेली हेही लिहा. "इन्साइट नाही", म्हणजे आपल्या आजाराची जाण नाही, हा अजून एक, आणि इथं जपून, कारण पेशंट म्हणतो पोलीस मला रंगावरून थांबवतात आणि आपण लिहितो पॅरानॉइड. स्टॉप अँड सर्चचे, म्हणजे रस्त्यात थांबवून झडती घेण्याचे, सरकारचे स्वतःचे आकडे सांगतात की ब्लॅक लोकांना गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त थांबवलं जातं, मग त्याचं म्हणणं भ्रम कसं? खरा अनुभव आणि त्यावर चढलेला आजार, दोन्ही एकाच माणसात असू शकतात, दोन्ही वेगवेगळे लिहा. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २०१८ साली इवर्ट खटल्यात तिथल्या तुरुंग खात्याला हेच सुनावलं होतं की तुमची ही रिस्कची मापनं आदिवासी कैद्यांना लागू पडतात की नाही हे तुम्ही तपासलंच नाहीत. त्या निकालातली साधनं वेगळी होती, पण प्रश्न आपल्यालाही लागू आहे.

स्टेप ६: रिस्ट्रेंटची (पेशंटला बळाने धरून ठेवण्याची) वेळ येऊच नये यासाठी

डेव्हिड बेनेट हे नाव तुम्हाला माहीत असायलाच हवं. ३८ वर्षांचा आफ्रो-कॅरिबियन माणूस, नॉरिचच्या मीडियम सिक्युर क्लिनिकमध्ये. १९९३ साली त्याने पत्र लिहून कळवलं होतं की इथं अर्धा डझनाहून जास्त ब्लॅक मुलं आहेत आणि स्टाफमध्ये एकही आफ्रिकन नाही. ३० ऑक्टोबर १९९८ च्या संध्याकाळी दुसऱ्या पेशंटशी भांडण झालं, त्यात त्याला वंशावरून शिवीगाळ झाली, आणि वॉर्ड बदलला गेला तो त्याचाच. त्यावर चिडून त्याने नर्सला मारलं, मग त्याला पालथं दाबून धरलं, सुमारे २५ मिनिटं, त्यात तो गेला. सर जॉन ब्लोफेल्ड यांच्या चौकशी समितीने पालथं धरण्याची मर्यादा तीन मिनिटं असावी असं सुचवलं आणि सेवेत संस्थात्मक वंशभेद आहे असं स्पष्ट म्हटलं.

पेशंट पेटला ते सगळ्यांना दिसलं, कशाने पेटला ते कुणी हाताळलं नाही. म्हणून वॉर्डात पेशंटला वंशावरून शिवी पडली तर लगेच, त्याच शिफ्टमध्ये, तिच्याकडे घटना म्हणून बघा: इन्सिडेंट फॉर्म भरा, शिवी देणाऱ्याशी बोला, ज्याला पडली त्याला विचारा तुला काय हवंय, आणि हलवायचंच असेल तर आपोआप त्यालाच हलवू नका. "अरे मस्करी करतोय तो" हे वाक्य वॉर्डातून हद्दपार करा.

नंतर २०१० मध्ये ओलासेनी लुईस हा २३ वर्षांचा तरुण हॉस्पिटलातच पोलिसांच्या रिस्ट्रेंटनंतर गेला, त्यातून २०१८ चा यूज ऑफ फोर्स कायदा आला, लोक त्याला सेनीज लॉ म्हणतात. आता प्रत्येक युनिटला बळाच्या वापराची नोंद ठेवावी लागते, त्यात पेशंटचा वंशही येतो. तुमच्या वॉर्डाचे हे आकडे मॅनेजरकडे मागा. मागायला लाजू नका.

स्टेप ७: औषधं आणि शरीर

क्लोझापीन हे इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियासाठी सगळ्यात परिणामकारक औषध, पण पांढऱ्या पेशी कमी झाल्या की थांबवावं लागतं. आफ्रिकन, कॅरिबियन आणि काही मध्यपूर्वेच्या लोकांमध्ये न्यूट्रोफिल्स (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जन्मतःच कमी असतात, आजार नसतो, याला बिनाइन एथ्निक न्यूट्रोपेनिया म्हणतात. हे नोंदवलेलं नसेल तर रिपोर्ट सारखा लाल येतो, औषध बंद होतं, पेशंट बरा होत नाही आणि वॉर्डात वर्षं वाढतात. म्हणून औषध नाकारण्याआधी जुने ब्लड रिपोर्ट काढा, हिमॅटॉलॉजीचं मत घ्या, आणि निदान झालं तर क्लोझापीनच्या रक्ततपासण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या मॉनिटरिंग सर्व्हिसकडे तशी नोंद करून घ्या, त्यांच्यासाठी कट-ऑफ वेगळे, खालचे आहेत.

रमजान आधीच कॅलेंडरवर मार्क करा. लिथियमवरचा (मूड स्थिर ठेवणारं औषध) पेशंट उन्हाळ्यातल्या लांब रोज्यात पाणी न पिता राहिला तर लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते, डोसच्या वेळा डॉक्टर-फार्मसिस्टकडून आधी ठरवून घ्या. आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे हे आपण सांगण्यापेक्षा इमामने सांगितलेलं पचतं. कॅप्सूलमधलं जिलेटिन डुकराचं की गाईचं हा प्रश्न मुस्लिम, हिंदू, जैन कुणीही विचारेल, तेव्हा गोळी किंवा लिक्विड मिळतं का ते बघा. एखादा मुकाट्याने औषध टाकून देत असेल आणि नोंदीत "नॉन-कम्प्लायंट" असेल तर आधी हे कारण तपासा.

साउथ एशियन पेशंटचं वजन बघताना बीएमआय २३ पासूनच सावध व्हा, २५ ची वाट बघू नका. अँटिसायकॉटिक्स वजन आणि साखर वाढवतात, आणि आपल्या लोकांना डायबेटिस तसाच लवकर गाठतो.

स्टेप ८: रोजचं

आफ्रो केसांना वेगळा कंगवा, तेल, क्रीम लागतं, वॉर्डाच्या एका शाम्पूत भागत नाही, आणि केस विस्कटलेले दिसले की नोट पडते "स्वच्छतेकडे दुर्लक्ष". सिक्युरिटीशी बोलून चालणारा कंगवा मिळवा, असे केस कापता येणारा न्हावी बोलवा. पगडी, हिजाब तपासायचं असेल तर बाजूच्या खोलीत, त्याच लिंगाच्या स्टाफसमोर, पेशंटला स्वतःच्या हाताने काढू द्या. किरपाण सिक्युर वॉर्डात मिळणार नाही, पण कडं आणि पगडीबद्दल त्या माणसाची रिस्क बघून ठरवा, सरसकट नाही म्हणू नका.

स्टेप ९: घरचे

आपल्याकडे येरवडा किंवा ठाणे एवढं म्हटलं तरी लोक कुजबुजतात, मग इथल्या छोट्या समाजात मुलगा सेक्शनवर आणि वर गुन्हा, म्हणजे घरच्यांनी लग्नाकार्याला जाणं सोडलेलं असतं. ते भेटायला येत नाहीत याचा अर्थ त्यांना पर्वा नाही असा नाही. आणि पुष्कळदा ज्याला इजा झाली तो घरातलाच असतो, आईच किंवा भाऊच, त्यामुळे "फॅमिली सपोर्ट वाढवा" असं लिहून टाकण्याआधी सोशल वर्करला विचारा. व्हिसा, डिपोर्टेशनची भीती असेल तर अंदाज सांगू नका, सॉलिसिटरकडे पाठवा. ॲडव्होकेट (इथं वकील नव्हे, वॉर्डात पेशंटची बाजू मांडणारा माणूस) हा सगळ्यांचा हक्क आहे, त्या समाजातला मिळत असेल तर अजून बरं.

स्टेप १०: आपलं स्वतःचं डोकं

हे कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. आपणही ब्राउन, आपल्यालाही वंशभेद भोगावा लागतो, म्हणून आपण आपोआप निर्दोष ठरत नाही. गोऱ्या रंगाचं वेड घेऊन आपण इथं येतो, ब्रेकरूममध्ये मराठी-हिंदीत "हे काळे असेच" ऐकू येतं, आणि आडनावावरून जात हुंगायची सवय तर विमानातून सोबत येते, पंजाबी किंवा गुजराती दलित पेशंटला ती बरोबर कळते. मोठ्याने, हातवारे करत बोलणं म्हणजे धमकी नव्हे. कॅरिबियन माणूस मोठ्याने बोलला की तुम्हाला भीती का वाटली हे सुपरव्हिजनमध्ये बोला.

उलट, पेशंटने तुम्हाला वंशावरून शिवी दिली तर गिळून टाकू नका. आजारी आहे बिचारा, म्हणून सोडून देणारे आपले खूप. रिपोर्ट करा, डिब्रीफ मागा. तुमचा रिपोर्ट म्हणजे सूड नाही, आणि शिवी खाऊनही काळजी नीट घेता येते, फक्त ती एकट्याने पेलायची नाही.

स्टेप ११: लीव्ह, ट्रायब्युनल, डिस्चार्ज

२०२३ पासून एनएचएस इंग्लंडचं पेशंट अँड केअरर रेस इक्वॅलिटी फ्रेमवर्क, म्हणजे वंशावरून होणारा फरक कमी करण्याची नियमावली, सगळ्या मेंटल हेल्थ ट्रस्टना लागू आहे. मीटिंगमध्ये याचं नाव घेतलं की लोक जरा सरळ बसतात. विचारायचं एवढंच, आपल्या वॉर्डात लीव्ह कुणाला किती दिवसांत मिळते, सेक्लुजन कुणाला, थेरपीला कोण जातं, वंशानुसार आकडे दाखवा.

ट्रायब्युनलच्या नर्सिंग रिपोर्टआधी स्टेप ५ मधल्या नोट्स परत वाचा, विशेषणं काढा, प्रसंग ठेवा, इंटरप्रिटर आधीच बुक करा आणि रिपोर्ट पेशंटला त्याच्या भाषेत समजावून झालाय ना ते बघा. कंडिशनल डिस्चार्ज (अटी घालून सुटका) ठरत असेल तर एक्सक्लुजन झोनचा, म्हणजे पेशंटला जायला बंदी असलेल्या भागाचा, नकाशा मागवून घ्या. पीडित कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठी आखलेल्या झोनमध्ये पुष्कळदा पेशंटचं चर्च, गुरुद्वारा, मशीद, हलाल दुकान, न्हावी, सगळंच येतं, कारण दोघं एकाच वस्तीतले असतात. झोन हवाच, त्यावर वाद नाही, पण मग दुसऱ्या भागात त्याच्या भाषेचं, त्याच्या देवाचं काय आहे ते डिस्चार्जच्या आधी, एस्कॉर्टेड लीव्हवर (स्टाफ सोबत असलेल्या सुट्टीत) त्याला सोबत घेऊन जाऊन बघा, आणि तिथल्या कुणा एका माणसाशी त्याची गाठ घालून द्या, हॉस्टेलचा पत्ता फायनल व्हायच्या आधीच.